घासून काढलेले सोने

मी एक जुनी पितळी टिकली आहे. कपाळावरची नव्हे, मित्रांनो. सिगारेटीऐवजी वाफ ओढायच्या एका नळीच्या बुडाशी, बटणाच्या पाठीवर मी बसते. माझ्या अंगावर सोन्याचे पाणी आहे. ते दुसऱ्यांदा दिलेले आहे, आणि पहिले कुठे गेले हे सांगताना अजूनही माझे डोके फिरते.

आधीच बजावते, ही नळी पोरासोरांसाठी नाही. तुम्ही तिच्या वाटेलाही जाऊ नका. ती मेनेलाओससाठी बनली. तो ग्रीसमधल्या पेरामा बंदराच्या गोदीतला वेल्डर. मिसरूड फुटण्याआधीपासून सिगारेटी ओढून त्याने छातीचे खोके करून घेतले होते. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, "आता एकही सिगारेट नको. पुन्हा आलात तर मी काही करू शकणार नाही." म्हणून त्याच्या बायकोने, स्तमातियाने, एकाच दिवशी दोन वस्तू बनवायला सांगितल्या. नळी बनवणाऱ्या कारागिराला ही नळी, आणि त्या कारागिराची बहीण झाबेता हिला मेरीमातेला वाहायचा नवसाचा एक पत्रा.

झाबेता चर्चच्या दिव्यांना आणि पेल्यांना सोन्याचे पाणी देते. भावाच्या टिकल्याही तीच बुडवते. मला तिने भांड्यात सोडले तेव्हा शेजारी तारेला टांगून तो पत्रा न्हात होता. त्यावर माणसाची छाती उमटवलेली होती, कारण जो अवयव बरा व्हावा तोच अशा पत्र्यावर काढतात. एकाच पाण्यातून आम्ही दोघे बाहेर आलो. पत्रा चर्चमधल्या मेरीमातेच्या तसबिरीखाली गेला आणि मी मेनेलाओसच्या खिशात.

बटण दाबले की मी वर सरकते, बॅटरीला टेकते आणि वीज माझ्यातून जाते. नळीत ना तारा, ना यंत्राची अक्कल, सगळा भार माझ्यावर. पेरामाची हवा खारट, मेनेलाओसचे हात घामाने सदा ओले. तिथे उघडे पितळ बघता बघता हिरवे पडते. मी पडले नाही. सोने माझ्या अंगावर तोऱ्यासाठी नव्हते, ते गंजत नाही म्हणून होते. दोन उन्हाळे मी निमूट राबले आणि मेनेलाओसने एकही सिगारेट पेटवली नाही. कौतुक कुणाचे झाले? मेरीमातेचे, आणि नळीवरच्या नक्षीचे. माझे कुणी नावही काढले नाही. तेही मी सोसले.

मग एक दिवस कॉफीच्या दुकानात त्याचा मित्र फोटिस याने नळी उघडून पाहिली.

"आत सोनं? बायकोचं कानातलं वितळवलंस का काय?"

सगळे हसले. फोटिसला तेवढ्याने जोर चढला.

"वेल्डर म्हणवतोस ना? अर्थिंगचा चिमटा लावायच्या आधी काय करतोस?"

"घासून काढतो. उघडं लोखंड दिसेपर्यंत."

"मग इथे मुलामा ठेवून काय बसलायस? आरतीला?"

"खरंच की रे," मेनेलाओस म्हणाला.

घरी येऊन त्याने पॉलिश पेपर घेतला आणि मला घासले. अरे, लोखंडावर गंज असतो, रंग असतो, म्हणून ते घासतात. माझ्या अंगावर गंज होता कुठे? गंज येऊ नये म्हणून जे होते, तेच या शहाण्याने खरवडून काढले. वर मिशीत हसला.

काही दिवस मी पिवळीधमक दिसले. मग घामाचे डाग पडले, मग हिरवट पुटे चढली. वाफ पातळ झाली, बटण बोटाला चटके देऊ लागले. तो पुन्हा घासायचा, मी पुन्हा काळवंडायची. "भिकार माल," तो म्हणाला. मी भिकार! एका संध्याकाळी त्याने मला नळीसकट खणात फेकले. थोड्या वेळाने गॅलरीत काडी ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून खोकला. दोन उन्हाळे त्या घरात तो खोकला नव्हता.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बायका चर्चमधल्या वस्तू पुसायला घरी आणतात. स्तमातिया रुमालात दिवे आणि नवसाचा पत्रा घेऊन आली. दारातच तिला धुराचा वास आला. तिने खण उघडला, नळी उघडली आणि मला उजेडात धरले.

"हिला काय केलंस?"

"घासलं. करंट नीट जावा म्हणून."

तिने पत्रा टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी पॉलिश पेपर.

"मग हाही घास."

"वेड लागलंय का तुला? नवसाचा आहे तो."

"सोनं तेच आहे. भांडंही तेच. घास ना. तुझ्या छातीचा उघडा धातू बघू दे मेरीमातेला."

मेनेलाओसचा हात पुढे झाला नाही.

"इतकी वर्षं मी मुलाम्याच्या वस्तू पुसतेय," ती म्हणाली. "मऊ फडकं, बाकी काही नाही. विचारायला तुला फोटिस मिळाला, मी नाही." तिने पॉलिश पेपर चुरगळला. "मी एकटी नाही राहू शकत रे."

मग त्याने खिशातले सिगारेटचे पाकीट काढून तिच्या हातात दिले.

"झाबेता असेल का दुकानात?"

"असेल. आणि शिव्या घालेल. खाली मान घालून ऐक."

झाबेताने शिव्या घातल्या. मित्रांनो, इतके गोड शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. तिने मला साफ केले आणि पुन्हा त्या पाण्यात सोडले. पॉलिश पेपरचे ओरखडे मात्र सोन्याखाली अजून आहेत.

पत्रा मेनेलाओसने स्वतः चर्चमध्ये नेऊन टांगला. त्याचे चुंबन घेतले, मेणबत्ती लावली, डोळे पुसून माफी मागितली. ज्याला पॉलिश पेपर लागलासुद्धा नव्हता, त्या पत्र्याची! मला त्याने नळीत बसवले आणि झाकण फिरवले.

मित्रांनो, टांगलेल्या वस्तूला सगळेच जपतात. जी रोज तुमच्या बोटाखाली दबते, तिच्या अंगावर काय आहे आणि ते कशासाठी आहे, एवढे तरी हात लावण्याआधी विचारा. गॅलरीत आता खोकला ऐकू येत नाही. त्याचे श्रेय पुन्हा मेरीमातेला गेले आहे. जाऊ दे. मला मेणबत्ती नको, माफीही नको. फक्त ते फडके मऊ असू द्या.