सातव्या यंत्राचा आवाज

सिंधूताईंच्या घरी टीव्ही बंद करायची वेळ ठरलेली होती. रविवारी सकाळी 'अंतराळवाट' संपल्याची धून सुरू झाली, की त्या उठत, खटका दाबत आणि टीव्हीची लाकडी दारं सरकवून टाकत. "सिंधू, टीव्हीची ट्यूब फुकट जळते वं," असं त्यांचे यजमान जाताना सांगून गेले होते. तो शब्द त्यांनी मंगळसूत्रासारखा जपला होता.

त्यामुळे झालं असं, की महाल भागातल्या त्या गल्लीनं सिंधूताईंकडे जमून दोन वर्षं मालिका पाहिली, पण शेवटी येणारी नावं कधी पाहिली नाहीत. मतं मात्र भरपूर होती. भाग चांगला झाला तर तो मुख्य लेखकानं लिहिलेला, फसला तर कोण्या सहायकाचा. हा नियम चंद्रभानचा. त्याचं इतवारीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि कुठल्याही गोष्टीचा भाव तो बोटांनी चाचपूनच सांगायचा.

बाबाराव दाराजवळच्या स्टुलावर बसत. तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची नोंद करण्यात गेली होती, त्यामुळे घरीही एक वही होती. प्रत्येक भागाबद्दल चार ओळी, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकच वाक्य : 'आपल्याला काय कळतं!' ती वही त्यांनी कोणालाही दाखवली नव्हती.

शुक्रवारी पेपरात बातमी आली. मुख्य लेखक निवृत्त होणार, दिवाळीपासून त्यांच्या जागी जयवंता पौनीकर; मूळच्या उमरेडच्या, मालिकेचे चार भाग त्यांनी याआधीच लिहिले आहेत. कोणते, ते छापलं नव्हतं.

"कोणते म्हणजे? जे चार पडले, तेच!" चंद्रभान म्हणाला. "उमरेडची बाई आपल्याले चंद्रावर नेऊन राहिली! एस.टी. तरी वेळेवर येते का तिथली?"

सगळे हसले. बाबारावही हसले, कारण ते स्वतः उमरेडचे होते आणि आपल्या गावावर कोणी हसलं की आपणही हसायचं, ही त्यांची जुनी खोड.

शनिवारी चंद्रभाननं निर्मात्याला पाठवायचं निषेधाचं पत्र सांगितलं आणि अक्षर चांगलं म्हणून ते बाबारावांनी लिहिलं. 'सदर बाईंचे चारही भाग आम्ही पाहिले असून ते सुमार होते.' रविवारी सह्या घ्यायच्या आणि सोमवारी टपालात टाकायचं, असं ठरलं. 'आम्ही पाहिले असून' लिहिताना बाबाराव अडखळले होते. कोणते चार? आपण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देतो आहोत की काय?

घरी येऊन त्यांनी वही काढली. एकतिसाव्या भागाची नोंद सापडली. त्या भागात यानावरची एक म्हातारी डोळे मिटून बसते आणि चाळीस यंत्रांच्या खडखडाटात एकदम हात वर करते : सातवं बिघडलं. बाबारावांनी लिहिलं होतं : 'माझी आई मागावर बसे, तेव्हा शेजारच्या घरातल्या मागाचा धागा तुटला तरी तिला इकडे कळे. हे लिहिणारा माणूस मागाजवळ वाढलेला असावा. मुख्य लेखकाचा हा हात नव्हे. आपल्याला काय कळतं!'

खाली जवळजवळ दीड वर्षापूर्वीची तारीख होती. उमरेडला घरोघरी माग, पण उमरेड हे नाव तेव्हा कुठेच नव्हतं.  हा भाग जयवंताबाईंचा असेल तर पत्रातलं वाक्य खोटं. आणि नसेल, तर चारचौघांत हसं.

रविवारी नवा भाग नव्हताच. लेखक बदलायचा म्हणून जुनेच भाग दाखवणं चाललं होतं, आणि त्या दिवशी लागला तो नेमका एकतिसावा. म्हातारीनं हात वर केला तेव्हा खोलीतल्या वीस माणसांनी श्वास रोखला.

"याले म्हणतात लेखन!" धून सुरू होताच चंद्रभान म्हणाला. "मुख्य लेखकाशिवाय कोणाची छाती आहे?"

सिंधूताई उठल्या.

"राहू द्या," बाबाराव म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मग ते स्टुलावरून उठले. "सिंधूताई, राहू द्या! नावं पाहू."

"काय झालं गा, बाबाराव? ट्यूब जळते ना."

"आजच्या दिवस जळू द्या. हा भाग जयवंताबाईंचा आहे."

 पडद्यावर नावं मुंगीच्या पावलांनी वर सरकत होती. छायाचित्रण. वेशभूषा. ध्वनी. सिंधूताईंचा हात खटक्यावर होता. बाबारावांना वाटलं, बंद केला तर बरं.

मग आलं. लेखन : जयवंता पौनीकर.

"अगं माय!" सिंधूताईंचा हात खाली आला. "ही तर आपली उमरेडवाली!"

चंद्रभाननं आधी पडद्याकडे पाहिलं, मग बाबारावांकडे. "तुमाले कोणं सांगितलं?"

बाबारावांनी पिशवीतून वही काढून पान उघडलं. चंद्रभाननं मोठ्यानं वाचलं, तारखेसकट.  शेवटच्या वाक्याशी तो थांबला.

"हे काय लिहून ठेवलं, आपल्याला काय कळतं?"

"सवय आहे."

"खोडा ते. आत्ताच खोडा, माझ्यासमोर." त्यानं खिशातला पेन पुढे केला.

बाबारावांनी खोडलं. निषेधाचं पत्र सिंधूताईंनी चहाच्या शेगडीत सारलं आणि दुसरं पत्र लिहायला सगळे गोल करून बसले. या वेळी मजकूर बाबाराव सांगत होते आणि लिहीतही होते. एकतिसाव्या भागाची स्तुती झाल्यावर त्यांनी लिहिलं, की चौदावा भागही तुमचाच वाटतो, पण त्याचा शेवट घाईत उरकला आहे.

"आता काहून खोट काढून राहिले?" चंद्रभान म्हणाला. "आपल्याच इकडची पोरगी ना?"

"तू कापड घेताना उलटी बाजू पाहत नाहीस?"

चंद्रभान खो खो हसला. "पाहतो ना गा! उलटी बाजूच पहिले पाहतो." त्यानं कागद फिरवून बाबारावांपुढे ठेवला. "पहिली सही तुमची."

आजवर गल्लीची वीस पत्रं त्यांनी लिहिली असतील, पण त्यांची सही कायम तळाशी, कोपऱ्यात असायची. आज त्यांनी ती मध्यभागी केली, ठसठशीत. आणि कोणी न सांगता खाली लिहिलं : मूळ राहणार उमरेड.