परमिट चालू आहे

खांबावर चढलेल्या बजरंगची सावली भर दुपारी एकाएकी दुसऱ्याच बाजूला पडली. त्याने मान वर केली. निरभ्र आभाळातून एक पांढराशुभ्र गोळा शेपूट ओढत देगलूरच्या बाजूला गेला आणि विझला. आवाज काहीच नाही.

पंचवीस वर्षं तारांमध्ये काढलेल्या वायरमनला लखलखाट एकच माहीत. लाईन चालू झाली, असंच त्याला वाटलं. पण हात तर तारेवर होता, मग आपण जिवंत कसे? कमरेचा पट्टा सोडून तो कसाबसा खाली उतरला. सबस्टेशनला फोन लावला, लागेना. तेवढ्यात जमीन हादरवणारा धडाका झाला. तारेची ठिणगी आणि आवाज बरोबरच येतात. इथे मध्ये दोन-तीन मिनिटं गेली होती. त्याचं डोकंच चालेना.

सबस्टेशनवर आज राजशेखर आहे, एवढं मात्र आठवलं. लाईन बंद ठेवण्याचा कागद म्हणजे परमिट. आठ वर्षांपूर्वी वायरमनकडून ते परत यायच्या आधीच राजशेखरने लाईन सोडली, म्हणजे चालू केली होती, आणि खांबावरच्या अमृतरावांचा उजवा हात गेला होता. तेव्हापासून राजशेखर ड्युटीवर असला की तारेला हात लावण्याआधी बजरंग दोनदा फोन करून विचारायचा. आजही विचारलं होतं. तरी याने लाईन सोडलीच, असं धरून त्याने रागाच्या भरात मोटारसायकल शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला घातली.

सबस्टेशनच्या आवारात सगळे वर बघत उभे होते. कुणी बॉम्ब म्हणत होतं, कुणी विमान. बजरंग तडक आत शिरला आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं बोलला, "पुन्हा लाईन सोडलास न्हवं? माझा बी हात पायजे होता का तुला?"

राजशेखर खुर्चीतून उठला नाही. त्याचा एक हात बंद स्विचच्या कुलपावर होता. दुसऱ्या हाताने त्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. सकाळचं परमिट, सबस्टेशनकडची प्रत. कुलपाची किल्ली त्यातच गुंडाळलेली.

"लाईन बंदच हाय, भाऊ. तुम्ही वर होता, म्हणून मी जागचा हाललो न्हाई." मग त्याने विचारलं, "काय होतं हो ते? समदे पळाले बघायला."

बजरंगला लाज वाटली. काय होतं, हे त्यालाही कुठे ठाऊक होतं?

"काहीतरी पांढरं," तो म्हणाला. "लई मोठं."

त्याने कागदाची घडी पुन्हा घातली आणि आपल्या हाताने राजशेखरच्या खिशात ठेवली. "काम अर्धं हाय अजून. परमिट चालू ठेव."

अर्ध्या तासाने तो पुन्हा खांबावर होता. फोन त्याने खिशातून काढलाच नाही.