मातकट टोमॅटोंची बाग

आमच्या ठिपकीने फिल्म केली आणि तिच्यात आईला राखाडी गाऊन घातला. ती आई म्हणजे मीच, हे सांगायला ज्योतिषी नको. तीच ठेंगणी चण, तोच अंबाडा, कमरेवर तोच हात. माझा पाराच चढला. मी जन्मात कधी राखाडी कपडा अंगाला लावलेला नाही.

ठिपकीचं अ‍ॅनिमेशन कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेजच्या छोट्या सभागृहात मुलांच्या फिल्म दाखवत होते. प्रत्येक फिल्म झाली की परीक्षक प्रश्न विचारायचे, आणि शेवटी एकच फिल्म परदेशातल्या महोत्सवाला जाणार होती. नियम कडक होता. प्रत्येक चिन्हाचं, प्रत्येक रंगाचं कारण द्यायचं. कारण नाही, तर फिल्म बाद. पोरीने वर्षभर हाडाची काडं केली होती.

दुसऱ्या रांगेत मी, आमचे हे आणि ह्यांचे मालक असे बसलो होतो. मालकांना आणायची काही गरज नव्हती. पण लेकीचं कौतुक कुणाला दाखवू आणि कुणाला नको, असं ह्यांना झालं होतं. मालकांचं पडद्याच्या कापडाचं मोठं दुकान आहे. हे तिथले सगळ्यात जुने विक्रेते.

आणि ह्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. दुकानातले नमुन्याचे तुकडे मी घरी शिवते, तेव्हा कोपऱ्यात बारीक गाठी घालते. लालला एक, हिरव्याला दोन, गुलाबीला तीन. हे कोपरा चिमटीत धरून क्षणभर डोळे मिटतात आणि ‘हा घ्या, हिरवा’ म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटतं, कापडाचा पोत बघतायत. मालकांनाही तेच वाटायचं. त्यांना कळलं असतं तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. म्हणून ठिपकीला बोलता यायला लागलं तेव्हापासून ताकीद होती, हे घराबाहेर बोलायचं नाही.

ठिपकीची फिल्म सगळ्यात शेवटी होती. दिवे गेले. पडद्यावर एक माणूस जिना चढत होता आणि पायऱ्या त्याच्यामागे विरघळत होत्या. ढगांना खण होते, खणांतून मासे डोकावत होते. मग एक बाग आली. तिथल्या टोमॅटोंना पापण्या होत्या, आणि राखाडी गाऊनमधली आई एकेकाला थोपटून झोपवत होती. टोमॅटो मातकट, पानं वाळक्या गवतासारखी, द्राक्षं निळीशार.

“अहो, टोमॅटो बघा कसे केलेत!” मी ह्यांच्या कानात म्हटलं.

“कसे म्हणजे? टोमॅटोसारखे टोमॅटो आहेत की.”

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. घरात माझा एक गुलाबी गाऊन आहे. हे त्याला कायम ‘तुझा तो राखाडी’ म्हणतात. मग मला उमगलं. राग कुठल्या कुठे पळाला.

दिवे लागले. ठिपकी माइकपाशी उभी राहिली आणि परीक्षकांनी तोंड उघडलं. लांब दाढीचे गृहस्थ म्हणाले, “मातकट फळं म्हणजे आटलेली इच्छा. पिवळी पानं म्हणजे मरणाची चाहूल.” शेजारच्या बाई म्हणाल्या, “आणि राखाडी आई म्हणजे घरातलं वैफल्य.” मी तिथे दुसऱ्या रांगेत धडधडीत बसलेली, खाऊनपिऊन सुखी, आणि ही बाई माझं वैफल्य काढत होती!

पण बाई मनाच्या सरळ होत्या. त्या म्हणाल्या, “हे आमचे अंदाज झाले. मला तुझी फिल्म फार आवडली आहे. तिचा सगळा डोलारा ह्या रंगांवर उभा आहे. मग रंग असे का, ते तू सांग.”

ठिपकीने आमच्या रांगेकडे पाहिलं. आधी बाबाकडे, मग मालकांकडे.

“कारण आहे,” ती म्हणाली. “पण ते माझ्या एकटीचं नाही. मी सांगणार नाही.”

“मग नाइलाज आहे, बाळा. नीट विचार कर.”

“केलाय.”

हे माझ्याकडे झुकले. “अगं, सगळे रंगांच्याच मागे का लागलेत? मला तर नेहमीसारखंच…” आणि थांबले.

“तुम्हालाच नेहमीसारखं दिसलं,” मी म्हटलं. “आम्हाला नाही. तिने तुमच्या डोळ्यांनी रंगवलंय.”

ह्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि उठायला लागले. मी बाही धरली. खोटं कशाला सांगू, मला उद्याची चूल दिसत होती. ह्यांनी माझी बोटं हळूच सोडवली.

“मी तिचा बाप,” हे म्हणाले. “मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. ही एवढीशी होती तेव्हापासून मी हिला विचारत आलोय, बाळा, हा कसला रंग, तो कसला. ही कधी कंटाळली नाही.”

मालक ताडकन उठले. “म्हणजे? आणि दुकानात?”

“नमुन्यांना गाठी आहेत, मालक. माझ्या बायकोने घातलेल्या. माझ्या हातून चुकीचं कापड कधी गेलं असेल तर आत्ता सांगा.”

मालक खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडे निघाले. ह्यांनी त्यांना जाताना पाहिलं, अगदी दारापर्यंत पाहिलं. मग मंचाकडे वळून बोलणं पुरं केलं.

“तुम्ही विचारताय, रंग असे का. मला विचारावंच लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला रंग न विचारता काहीतरी अख्खं बघितलं. ते माझ्या लेकीने केलंय.”

माझी मान अशी ताठ झाली की मागच्या माणसाला मंच दिसला नसेल. माइकपाशी ठिपकी तोंडावर हात दाबून रडत होती. रडू दे म्हटलं. अशी लेक आणि असा बाप एकाच घरात, आणि ते घर माझं!

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. “कारण मिळालं,” त्या म्हणाल्या. “फिल्म पाठवू या. पण आधी पुन्हा एकदा लावा. आता नीट बघू.”

दिवे पुन्हा गेले. मालक बाहेर गेलेच नव्हते, दाराशी टेकून पडद्याकडे बघत उभे होते. उद्या काय करायचं ते करोत. भरलेलं सभागृह माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांनी बघत होतं, आणि मी नवऱ्याकडे.