जठारपेठेतली मॅच

वर्षालीने चपला काढत दारातूनच हाक मारली, पण खुर्चीतल्या भगवंतरावांनी मान वळवली नाही. टीव्हीवर कालच्या फुटबॉल सामन्याचे पुनःप्रसारण चालू होते आणि खोलीभर समालोचन करणारा तिचाच आवाज घुमत होता.

"त्यायले ऐकू येत नाई आता," हात पुसत आलेल्या त्यांच्या पत्नी, सत्यभामाकाकू, म्हणाल्या. "कान पुरे गेले."

हातातला पेढ्यांचा पुडा वर्षालीला एकाएकी जड वाटला. विश्वचषकाचे सामने मराठीतून सांगायला तिची निवड झाली होती. ते भगवंतरावांना, तिच्या सरांना, सांगायला ती मुंबईहून थेट अकोल्याच्या जठारपेठेत आली होती.

काही वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका फुटबॉल स्पर्धेचे भगवंतराव संयोजक होते. भावाचा सामना पाहायला दर्यापूरहून आलेली वर्षाली शेजारच्या बायांना खेळ समजावत बसली होती. निवेदक आलाच नाही, तेव्हा त्यांनी माईक तिच्या हाती दिला.

"पोरीले काहून?" मंडपातून कोणीतरी विचारले.

"तिले खेळ दिसते अन् सांगता येते," ते म्हणाले आणि सामना संपेपर्यंत तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. पुढचे सगळे त्या दुपारपासून सुरू झाले.

आता भगवंतरावांचे तिच्याकडे लक्ष गेले. चेहरा उजळला.

"आली का पोरी! बस. तुही एकबी मॅच सोडत नाई मी."

वर्षाली हसली. सर आपले मन राखत असावेत.

"त्या दिवशी काय म्हनलं तू? बचाववाले पंगतीत वाढप्याची वाट पाहून राह्यले! अशी कॉमेंट्री कोनी करत नाई."

असे ती कधीच म्हणाली नव्हती. तिने काकूंकडे पाहिले. काकू खाली मान घालून पेढे ताटलीत काढू लागल्या.

तेवढ्यात टीव्हीवर चढाई सुरू झाली. काकू ताटली ठेवून सरांसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सरांचे मनगट धरले. टीव्हीतल्या वर्षालीचा आवाज चढला तशी काकूंची पकड घट्ट झाली. चेंडू जाळ्यात गेला. सरांनी नजर काकूंच्या ओठांवर आणली.

"गोलरक्षकाला संधीच मिळाली नाही!" टीव्हीतली वर्षाली म्हणाली.

"गोलकीपर चाय प्याले गेलता म्हंते," काकूंनी एकेक शब्द सुटा करून सांगितले.

सर मांडीवर थाप मारून हसले.

"मले तुहे समदे शब्द समजत नाईत, बाई," काकू ओशाळून म्हणाल्या. "मंग माह्या मनानं जोडतो. बॉल तं त्यायले दिसते. पोरगी काय म्हंते, ते पायजे त्यायले."

वर्षाली जवळ सरकून बसली. सरांचे आभार मानायला गाडीत जुळवलेली वाक्ये तिला आठवेनात.

"काकू, सरायले सांगा," ती कशीबशी म्हणाली. "वर्ल्डकपची कॉमेंट्री मी करून राहिली."

काकू सरांकडे वळल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. वर्षालीचे वाक्य केव्हाच संपले असते, तरी त्या सांगतच होत्या. सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि वर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला.

"अवं, माईकच तं देल्ला होता मी. तेवढ्याचं काय एवढं."

वर्षालीने काकूंकडे पाहिले.

"काय सांगितलं तुमी?"

"तू म्हनलं तेच," काकू म्हणाल्या आणि तिच्या हातावर पेढा ठेवला.