सात तास दहा मिनिटं

दादाची नजर गेली. परदेशात राहणाऱ्या त्याच्या मुलाने तिकडेच डॉक्टर ठरवला, पण विमानात सोबत कोण? दादाने मला फोन केला. "चिमे, येशील का गं?" मी लगेच हो म्हटलं.

मुलाच्या त्या परदेशी गावात मी पूर्वी होते, एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायचे. आई इकडे दादाकडे. ती शेवटची आजारी पडली तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "दोन दिवस लागतात. दोनदा विमान बदलायचं. तू पोचेपर्यंत ती राहायची नाही. उगाच जिवाची ओढाताण करू नकोस." दादा तेव्हा विमानाच्या तिकीट कार्यालयात कामाला होता. त्याचं नाही ऐकायचं तर कुणाचं? मी आले नाही. आई चार दिवस होती.

वर्षभराने एका हवाई सुंदरीच्या खोलीत तिचा इस्त्री केलेला गणवेश द्यायला गेले. ती त्याच दिवशी आमच्या गावाहून विमानाने आली होती. "सरळ विमान आहे, काकू. सात तास दहा मिनिटं."

वीस वर्षं मी गप्प राहिले. "सेवा करावी तर दादाने" असं सगळं घर म्हणायचं, मीही मान डोलवायचे. फोनवर भांडले असते तर त्याने फोन ठेवला असता. जिथून त्याला उठून जाता येणार नाही, अशी जागा मला हवी होती.

त्याला खिडकीशी बसवलं. वाट अडवून मी बसले आणि त्याचा पट्टा आवळला. समोरच्या पडद्यावर आकडे होते, ते मोठ्याने वाचले.

"पाच हजार सहाशे किलोमीटर. सात तास दहा मिनिटं. दादा, विमान कुठे बदलायचं रे?"

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"त्या चार दिवसांतल्या पहिल्या दिवशी आईने काय खाल्लं?"

"आता कसं आठवेल?"

"आठव. वेळच वेळ आहे."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"त्यांच्या कानांत बोळे आहेत. बोल तू."

तो पाणी मागायचा, मी द्यायचे, आणि पुन्हा विचारायचे. शेवटी अर्ध्या वाटेवर त्याचा बांध फुटला.

"तिचं हगणं-मुतणं मी काढलं, चिमे. आणि तोंडात नाव तुझं. तू आली असतीस तर मी कुणीच उरलो नसतो."

"मग तिला काय सांगितलंस?"

"तू विमानात आहेस म्हणून."

"चारही दिवस?"

"विचारायची, कुठवर आली? मी म्हणायचो, आलीच."

दया यायला हवी होती. आली नाही. उरलेला रस्ता मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

विमानतळाबाहेर त्याचा मुलगा उभा होता. आजीच्या सेवेबद्दल बापाला देव मानणारा. त्याने हात पुढे केला, "या बाबा." दादा हवेत चाचपडत त्याचा हात शोधू लागला. मी दादाचं मनगट धरलं.

"आधी त्याला सांग."

"चिमे, इथे नको. तुझ्या पाया पडतो."

"काय झालं, आत्या?"

"बाबांनाच विचार. आजीच्या शेवटच्या चार दिवसांचं आहे."

माणसं सामान ओढत आमच्या बाजूने जात होती. मुलगा थांबून राहिला. दादाने तोंड उघडलं. तो बोलायला लागेपर्यंत मी मनगट सोडलं नाही.