आमेन मिळेपर्यंत

नाशिकरोडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत एक जुना रिवाज आहे. रविवारच्या उपासनेत महिला मंडळाची एक बाई सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणते, आणि लोक ‘आमेन’ म्हणेपर्यंत तिने व्यासपीठावरून उतरायचं नाही. आमेन नाही, तर ती प्रार्थना तिची एकटीची. आजवर कोणी अडकलं नव्हतं. अडकले ती मीच.

सीमेवर लढाई पेटली होती आणि माझा अमोल तिकडेच, तोफखान्यात. चार दिवस त्याचा फोन नव्हता. त्यात रविवारची पाळी माझी. आमचे सेक्रेटरी भालेराव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. उपासनेआधी त्यांनी टाइप केलेला कागद माझ्या हातात ठेवला. ‘शत्रूची गावे बेचिराख होवोत, त्यांच्या घरात दिवा लावायला कोणी न उरो.’

“हे मी वाचणार नाही,” मी म्हटलं. “गावात बायापोरं असतात.”

“युद्ध आहे, उज्वलाबाई. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि तुमचाच मुलगा तिथे असताना...”

माझं डोकंच फिरलं. “लढू नका असं मी कुठे म्हणतेय? अंगावर येईल त्याला माझा मुलगा शिंगावर घेईल. पण ओलं जळणं वेगळं, आणि ते जळावं म्हणून ख्रिस्तापुढे हात जोडणं वेगळं. ज्याने खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्याकडे तान्ह्या पोरांचे जीव मागू?”

“मग कुसाबाईंसमोर कोणत्या तोंडाने जाल?”

हा घाव बरोबर बसला. कुसाबाई दिंडोरीकडच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी सीमेवर मारला गेला. त्या पहिल्याच बाकावर बसून आमचं बोलणं ऐकत होत्या.

मी व्यासपीठावर चढले. कागदाची घडी केली आणि मनातलं बोलले. “प्रभू, आमच्या जवानांना सांभाळ. मारायला आलेल्यांचे हात रोख. पण आमच्या तोफेखाली कोणाचं निजलेलं लेकरू येऊ देऊ नकोस. माझ्या अमोलच्या हातून तर नाहीच नाही.”

आमेन आलं नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, “कागदावरचं वाचा.” भालेराव हाताची घडी घालून बसलेले. मला रडू येत होतं, पण रडले असते तर हरले असते. माझ्या पोरासाठीची प्रार्थनासुद्धा ही माणसं माझ्या एकटीवर टाकणार, याचं फार वाईट वाटलं.

मग कुसाबाई उठल्या. आता माझी धडगत नाही, असंच मला वाटलं.

“भालेरावसाहेब, ह्ये तुमी माझ्या नावानं मागताय ना? मागू नका. माझा गेला तो शिपाई व्हता, बंदूक हातात घेऊन गेला. लय जळते मी अजून. पर त्याच्या बदल्यात कुण्या बाईचं तान्हं घे, असं मी देवाला कधी म्हणले नाय. म्हणले असते तर माझ्या पोरानंच मला घराबाहेर काढलं असतं.”

त्या माझ्याकडे वळल्या. “आमेन.”

मग जे आमेन उठलं, ते रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल. कागद वाचा म्हणणारा मागचा आवाजही त्यात होता. शेवटी भालेरावांचे ओठ जरासे हलले.

“मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही, साहेब,” मी वरूनच म्हटलं.

त्यांनी कुसाबाईंकडे पाहिलं, खाली पाहिलं, घसा खाकरला. मग उभे राहून, खणखणीत आवाजात, सगळ्या मंडळीदेखत ते म्हणाले, “आमेन.”