डोंगराची गोधडी

सातारकुलने दोन लोखंडी खुंट्यांमधलं अंतर आधी दोरीने मोजलं, मग वितीने मोजलं, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा वितीने मोजलं. मार्चात दोन विती असलेली भेग आता पाच विती झाली होती. पायथ्याशी कारा-जारच्या घरांतून धूर निघत होता. चौदा घरं, त्र्याऐंशी माणसं. गावचा झरा परवा गढूळ झाला आणि काल आटला. झरा आटला म्हणजे त्याचं पाणी दुसरीकडे कुठेतरी साठत होतं, आणि ते कुठे साठत होतं हे सातारकुलला ठाऊक होतं.

एकोणीस वर्षं त्याने भूगर्भवाल्यांच्या तुकडीत मोजपट्ट्या धरल्या होत्या. तुकडी मोडली, साहेब शहरात गेले, पण त्यांचं बोलणं याच्या डोक्यात राहून गेलं. इथे एके काळी समुद्र होता. दक्षिणेकडून हिंदुस्तानची जमीन कोट्यवधी वर्षं रेटत आली, आणि पायाने गालिचा रेटला की त्याला जशा सुरकुत्या पडतात तशा या रांगा उठल्या. अजून उठताहेत, वर्षाला नखभर. कारा-जारच्या वरची पिवळी माती मात्र डोंगराची नव्हेच. ती वाऱ्याने आणून टाकलेली गोधडी. बर्फ वितळून पाणी डोंगराच्या हाडाच्या, म्हणजे खडकाच्या, आणि गोधडीच्या मध्ये शिरलं की गोधडी घसरते.

हे त्याने गावचा म्हातारा पुढारी, म्हणजे आकसाकाल, ओरोझबाय याला चहावर तीनदा सांगितलं होतं. ओरोझबाय माणूस वाईट नव्हता. दारातून कुणी उपाशी गेला तर त्याला स्वतःला अन्न गोड लागत नसे. पण त्याला टोमणा मारल्याशिवाय चहाही गोड लागत नसे.

"हिंदुस्तान ढकलतोय ना? मग त्यांना पत्र टाक की, बाबांनो, जरा दम धरा, आमची पेरणी व्हायची आहे."

बाकीचे हसले. त्यांचंही चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सातारकुलच्याच सांगण्यावरून सगळा गाव नऊ दिवस ओढ्यापलीकडच्या माळावर तंबूत कुडकुडला होता. सहा वासरं मेली होती. उतारावरून खडासुद्धा निखळला नव्हता.

घरी आल्यावर त्याने आईपुढे हात टेकले. बायको गेल्यापासून घरात माय-लेक दोघंच. सैराकान एकोणऐंशी वर्षांची, दात चार, पण जीभ शाबूत.

"किती दिवस आहेत?" तिने विचारलं.

"दिवस म्हणू नकोस, आपा. आज, उद्या."

ती चहात भाकरी बुडवून चघळत राहिली. मग म्हणाली, "जिवंत माणसाच्या शब्दावर कोण उठतंय? मेलेल्यासाठी मात्र सगळे उठतात. मी मरते."

आधी त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मग कळलं की ती हिशेब करतेय. मयताला न येणारा माणूस कारा-जारमध्ये माणसांत धरत नाहीत. वैरीसुद्धा कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून, हंबरडा फोडत येतो. मयतासाठी घराबाहेर युर्त, नमद्याचा गोल तंबू, उभारतात, तो रातोरात माळावर उभारायचा. म्हातारीची शेवटची इच्छा म्हटलं की संपलं. चेहरा पाहायचा तो दफनाच्या आधी, म्हणजे परवा दुपारी. तोवर मयत पडद्याआड.

सकाळी सातारकुलने गावात आक्रोश केला. तो खोटा होता असं तरी कसं म्हणावं? तासाभरात सगळा गाव ओढा ओलांडून माळावर आला. त्याने मोजले: त्र्याऐंशी, तान्ही धरून. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास खाली उतरला.

पण ओरोझबाय कोणतंही काम अर्ध्यावर सोडणारा नव्हता, दुसऱ्याचं सुतक तर नाहीच. त्याने परस्पर चार घोडेस्वार आजूबाजूच्या गावांना पिटाळले होते. दुपारपर्यंत सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, एकशे चोवीस पाहुणे येऊन रडले. मग ओरोझबाय उठला आणि रीतीप्रमाणे पाहुणे वाटू लागला. आठ या घरी, दहा त्या घरी, अकरा थोर म्हातारे त्याच्या स्वतःच्या घरी. मयताच्या चुलीत तीन दिवस विस्तव पडत नाही. पाहुण्यांचं जेवण-झोपणं शेजाऱ्यांकडे.

ही रीत सातारकुलला पाळण्यापासून ठाऊक होती. त्याने स्वतः वीस मयतांचे पाहुणे जेवू घातले होते. या आठवड्यात त्याच्या डोक्यात फक्त डोंगर होता, त्यात ही रीत तेवढी राहून गेली. आणि आता उताराखाली जवळजवळ दोनशे माणसं निघाली होती, ती त्यानेच बोलावलेली.

तो ओरोझबायच्या वाटेत आडवा झाला. इथेच जेवू द्या त्यांना, म्हणाला.

"गवत वाढू? माझं नाक कापायचंय?"

"उतार येतोय, आकसाकाल. तुमच्या पाया पडतो."

ओरोझबायने त्याला छातीशी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तो टोमणा न मारता बोलला. "रड, लेकरा. आई गेली की माणसाला सगळंच कोसळताना दिसतं."

सातारकुल पडद्याआड शिरला. पांढऱ्या कापडाखालून आईने एकच विचारलं, "किती खाली?"

"सगळे. रडणाऱ्या बायका सोडून."

"तुझी मोजदाद नेहमी डोंगराचीच, माणसांच्या रीतीची नाही." म्हातारी उठून बसली. पडद्यापलीकडे ओरोझबायची बायको झियादा शोकगीत म्हणत होती. पडदा सरला आणि तिचा सूर मध्येच तुटला. सैराकान म्हणाली, "आवाज चांगला आहे ग तुझा. पण माझा नवरा दिलदार होता म्हणालीस, तिथे हसू आवरेना."

मग पांढऱ्या कापडातच ती लेकाच्या मागे घोड्यावर बसली. गावाच्या बोळातून जाताना सातारकुल दारादारांत ओरडत गेला, "आई जिवंत आहे. आम्ही तुम्हाला फसवलं. तुमचे अश्रू फुकट गेले. हिंमत असेल तर माळावर येऊन मारा."

भीतीने जे गाव हललं नव्हतं ते रागाने हललं. हातातले भाकरीचे तुकडे टाकून माणसं चाबूक घेऊन धावली. बायका मुलं काखेत मारून शिव्या देत धावल्या. ओढ्यापलीकडे त्याला घोड्यावरून ओढलं, दोघांनी हात धरले. पहिला चाबूक पाठीवर बसला तेव्हा तो ओढा ओलांडणारी माणसं मोजत होता. शंभर. एकशे चाळीस. कानाखाली बसली तेव्हा एकशे सत्तर. म्हातारी घोड्यावरूनच मोजत होती. दोघांचा आकडा एकाच जागी अडला.

"बारा कमी," ती ओरडली.

ओरोझबाय आणि त्याचे अकरा म्हातारे. जेवणाचं दस्तरखान पसरलेलं असताना, हात उचलून दुवा होण्याआधी पाहुणा उठत नाही, आणि पाहुण्याआधी यजमान उठत नाही. बाहेर आग लागली तरी नाही. त्याचं घर ओढ्याला सगळ्यात जवळ, हाकेच्या टप्प्यात. पण सातारकुलचे हात धरलेले होते. सोडा, म्हणून त्याने गयावया केली, तर पकड घट्टच झाली. त्याच्याकडे फक्त तोंड उरलं होतं.

प्रत्येकाला आपले सात बाप, म्हणजे सात पिढ्यांची नावं, पाठ असतात, आणि शेजाऱ्याचेही. सातारकुलने रक्त थुंकलं आणि सुरुवात केली. ओरोझबायचा बाप माटकेरिम, पाहुणा दिसला की शेकोटी विझवायचा. माटकेरिमचा बाप तोलोबेर्दी, उष्टी हाडं पुन्हा उकळायचा. त्याचा बाप कोचकोर, मयतासाठी कापलेल्या घोड्याचं मांस चोरायचा. लोकांचे चाबूक थांबले. असं कुणी बोलत नसतं. चौथा जान्ताय. पाचवा एसेन. प्रत्येक नावाला त्याचा आवाज फाटत गेला. हे सगळं धादांत खोटं होतं. एसेनने तर दुष्काळात सातारकुलच्याच सहाव्या बापाला जगवलं होतं.

पाचव्या नावाला आत दुवा घाईने आटोपली आणि ओरोझबायचं दार उघडलं. अकरा म्हातारे एकमेकांना धरत ओढ्यात उतरले. ओरोझबाय त्यांच्या मागे होता, शेवटचा पाहुणा पुढे गेल्याशिवाय पाऊल न टाकणारा.

"सहावा बायिश," सातारकुल रडत ओरडला, "पाहुण्याच्या घोड्याला भुसा घालायचा."

ओरोझबायने ओढा ओलांडला, गर्दी बाजूला झाली आणि त्याने चाबूक उगारला. तेव्हा मागे आधी कुत्री गप्प झाली. मग पिवळा उतार अख्खाच्या अख्खा, वरच्या जर्दाळूच्या झाडांसकट, झाडं उभीच्या उभी, खाली सरकू लागला. आवाज उशिरा आला. धूळ बसली तेव्हा चौदा घरांच्या जागी ओल्या मातीची जीभ ओढ्यापर्यंत आली होती. गोठ्यातली जनावरं, बियाणं, पाळणे, सगळं तिच्या पोटात.

ओरोझबायचा हात वरच राहिला होता. मग तो हळूहळू खाली आला.

"सातवा राहिला," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने चाबूक टाकला, सुटलेला पट्टा कमरेला पुन्हा करकचून बांधला, कुणाची तरी काठी घेतली आणि गावाकडे तोंड करून हंबरडा फोडला. एकेक करून सगळे पुरुष त्याच्या शेजारी उभे राहिले.